वहीतलं बरोबर वाक्य

“परत वाच,” आजी म्हणाली. आपल्या म्हाताऱ्याच्या सदऱ्याला बटण लावता लावता तिचा हात थांबला होता.

नातीने इंग्रजीची वही तोंडासमोर धरली. “माय ग्रँडमदर इज व्हर्बोज.”

“म्हणजे?”

“म्हणजे... नको तितके शब्द वापरणारी. आजी, बाईंनी ते विशेषण वाक्यात वापरून आणायला सांगितलं होतं. आधी मी ‘माझं दप्तर व्हर्बोज आहे’ लिहिलं. बाई म्हणाल्या, दप्तर बोलतं का? भाषण, पत्र, माणूस, असल्यांनाच लावतात ते. मग हे लिहिलं.”

“आणि हे बरोबर निघालं.”

“व्हेरी गुड दिलंय! वर्गात मोठ्याने वाचायला लावलं.”

“वा! दप्तराला तोंड नाही, म्हणून आजीच्या गळ्यात बांधलंस होय गं, गधडे?” आजी हसली खरी, पण सुई बोटात घुसली.

चार यत्ता शिकलेली बाई. पण कापडाच्या गिरणीत तीस वर्षं तिच्या एका हाकेवर बारा बायका हलायच्या. शंभर मागांच्या खडखडाटात एकदा सांगितलेलं कुणाच्या कानात शिरत नसे. “धागा तुटला! अगं, तुटलाय धागा! धागा बघ तुझा!” असं तीनदा ओरडावं लागे. गिरणी सुटली, सवय सुटली नाही. आणि त्याच मागांपाशी आपले कान ठेवून आलेला म्हातारा घरात होता. तिनातलं एक त्याला पोचायचं.

पण भर वर्गात अब्रू गेली होती. दुसऱ्या दिवसापासून आजीने एका कामाला एकच शब्द ठेवला. “चहा.” “गोळी.” “जेवण.”

“सासूबाई, बरं नाही का?” सुनेने विचारलं.

“आहे.”

म्हातारा खोलीतून हललाच नाही. चहावर साय धरली, गोळी झाकणात तशीच राहिली. नाही ना ऐकू येत, मग येऊ दे विचारायला, आजी मनाशी म्हणाली. तो आला नाही.

तिसऱ्या दिवशी सदरा द्यायला ती खोलीत गेली. म्हातारा स्टीलची वाटी कानाशी धरून चमच्याने वाजवत होता. आधी उजव्या कानाशी, मग डाव्या. तिला पाहताच त्याने चमचा उशीखाली सारला.

“अगं,” तो म्हणाला, “पुरते गेले का गं माझे कान? वाटीचं थोडं येतं. दोन दिवस झाले, तुझंच येत नाही.” मग दाराकडे बघत म्हणाला, “पोराला सांगू नकोस.”

आजी खाटेवर टेकली. सदरा तिने मांडीवर ठेवला.

“कान आहेत,” ती म्हणाली. “अहो, आहेत कान! आहेत म्हणते ना तुमचे कान!”

तिसऱ्या वेळेला त्याने मान डोलावली.

दारात नात येऊन उभी राहिली होती. आजीने तिच्याकडे पाहिलं नाही. उशीखालचा चमचा काढून तिने वाटीत ठेवला, आवाज न करता.