सगळे राजवाड्याला या

देवदत्त भंवरकुआंजवळच्या एका कॉलेजात शिकवायचा. शिकवायचा काय, तर थव्याने मिळून उत्तर कसं शोधावं ते. कॉम्प्युटरमध्ये शंभर शोधणारे सोडायचे, ज्याला बरी जागा सापडेल त्याने बाकीच्यांना कळवायचं, बाकीच्यांनी तिकडे सरकायचं. पण दरवर्षी पोरांना बजावायचा, "सगळेच एका जागेवर तुटून पडले ना, की शोध मेला. थोडे तरी भटकत ठेवायचे, समझे?" पीएचडीच केली होती पठ्ठ्याने त्यावर.

मे महिन्यात एका सकाळी त्याचे वडील चिंतामणराव दार उघडं टाकून निघून गेले. वय ऐंशीच्या पुढे. मिलमधली हजेरी-कारकुनी सुटून तीस वर्षं झालेली, आणि हल्ली मुलाचं नावही आठवायचं नाही. देवदत्तने विद्यार्थी आणि शेजारी मिळून बावीस जणांचा व्हॉट्सॅप ग्रुप केला, प्रत्येकाला एकेक इलाका वाटून दिला. त्याची बायको मधुवंती स्कूटीवर परदेशीपुऱ्याकडे निघाली, बाबांची मिल तिकडे होती म्हणून.

अकराला श्रेया नावाच्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. राजवाड्यापाशी बाजारात एका चहावाल्याने बाबांसारखीच काळी टोपी घातलेले आजोबा पाहिले होते. झालं! देवदत्तचा जीव असा वरखाली झाला की स्वतःच शिकवलेलं सगळं विसरला. ग्रुपवर लिहिलं, "सगळे राजवाड्याला या." मधुवंतीलाही फोन लावला.

"अहो, मी मिलचं गेट बघूनच येते ना. जवळच आलेय."

"मिल कधीची बंद पडलीय, तिथे काय ठेवलंय? इथे गल्ल्या थोड्या आहेत का? वळ लवकर!"

ती वळली.

बावीस जणांनी दोन वाजेपर्यंत बाजार पिंजून काढला. काळ्या टोपीवाले आजोबा सापडलेही. कोणी दुसरेच होते, नातीच्या लग्नाचं कापड घ्यायला आलेले.

तेवढ्यात परदेशीपुऱ्यातून विष्णू नावाच्या एका पंक्चरवाल्याचा फोन आला. "भिया, बाऊजी सुबह से मिल के गेट पे बैठे थे. पूछ रहे थे, भोंगा क्यूं नहीं बजा. पानी दिया, छांव में बुलाया, माने नहीं. बोले, हाजिरी छूट जाएगी. अभी गिर पड़े, तो जेब की चिट्ठी में ये नंबर मिला."

ती चिठ्ठी मधुवंतीने त्यांच्या प्रत्येक सदऱ्यात घालून ठेवली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ऊन लागलं, डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. जो तो म्हणत होता, पोराने काय व्यवस्था केली हो, अख्खा राजवाडा पालथा घातला! देवदत्तला मान वर करवेना. कोणी हे बोलणं थांबवेल तर बरं, असं त्याला झालं.

मधुवंती पाण्याचा पेला घेऊन त्याच्याजवळ बसली. हळूच म्हणाली, "तुमचा फोन आला ना, तेव्हा मी पाटणीपुऱ्याच्या चौकात होते. गेटपर्यंत दोन मिनिटं लागली असती."