फाईल नेलीत, पुढे काय झालं?

मित्रांनो, मी एक जुनं पान आहे. पण माझं विमान करता येणार नाही, की खूण म्हणून मला पुस्तकात दुमडून ठेवता येणार नाही. मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडतो आणि माझं काम एकच: येईल त्याच्या हाती एक फाईल द्यायची. मोठी माणसं मला डाउनलोडचं पान म्हणतात.

ही फाईल असते वेळापत्रक लावणाऱ्या एका प्रोग्रामची. शाळेचं वेळापत्रक! पहिल्या दिवशी तुम्ही ते वहीत उतरवून घेता आणि खेळाचा तास शोधून त्याभोवती चौकट काढता. पण ते लावताना लावणाऱ्याची काय दशा होते, हे तुम्हाला कुणी सांगत नाही. ते मी सांगतो, कारण माझा जन्मच त्यातून झाला.

एक ताई होती. शाळेत विज्ञान शिकवायची. सुट्टी संपत आली की तिच्या घरातल्या फरशीवर चिठ्ठ्यांचा सडा पडायचा. एका चिठ्ठीवर एक तास. ती गुडघ्यांवर बसून चिठ्ठ्या सरकवायची आणि सरकवता सरकवता गुणगुणायची:

गणित गं सकाळी, डोकं ताजं ताजं,
भाषा गं दुपारी, तिला कशाचं ओझं,
सातवीच्या बाई एक, वर्ग मागती दोन,
अर्ध्या अर्ध्या बाई आता कापून देईल कोण?

एका वर्षी सगळ्या चिठ्ठ्या बसल्या, आणि नेमकं तेव्हाच तिच्या धाकट्या भावाने बाहेरून दार उघडलं. वारा आत शिरला. दोन दिवसांची शाळा उडून पलंगाखाली गेली.

ताई रडली नाही. तिने भावाकडे नुसतं पाहिलं.

"ताई, हे काम कॉम्प्युटर करेल गं," भाऊ घाईघाईने म्हणाला. तो प्रोग्राम लिहायचंच काम करायचा. "मी लिहायला बसतो."

"बस. पण आधी पलंगाखाली जा."

भाऊ आधी पलंगाखाली गेला आणि मग तीन महिने कॉम्प्युटरपुढे बसला. प्रोग्राम झाला. त्याची कृती त्याने झाकून ठेवली नाही. कुणीही तो फुकट घ्यावा, आत डोकावून पाहावं, चुकलेलं सुधारावं आणि सुधारलेलं पुन्हा सगळ्यांना द्यावं. अशा प्रोग्रामला ओपन सोर्स म्हणतात. तो लोकांना मिळावा म्हणून एका दुपारी जेवणाच्या टेबलावर, दोन कपांच्या मधल्या जागेत, भावाने मला तयार केलं.

मी तेव्हा अगदी साधा होतो. राखाडी रंगाचं एक कोष्टक. डावीकडे कॉम्प्युटरचा प्रकार, उजवीकडे त्याला चालणारी फाईल. नव्यातल्या नव्यापासून जुन्यातल्या जुन्यापर्यंत प्रत्येकासाठी एक ओळ. आणि डोक्यावर ताईने सांगितलेलं वाक्य: "हे घ्या. जुन्या चिठ्ठ्या मात्र टाकू नका, मागच्या बाजूने लिहायला होतात."

मग लोक येऊ लागले. मी जिथे उघडतो तिथली खोली मला दिसते, समोरचा चेहरा दिसतो. बोटांना खडू लागलेल्या बाई आल्या. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे सर आले. एका इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर आल्या, त्यांना परिचारिकांच्या पाळ्या लावायच्या होत्या. एक गृहस्थ आले, ते घरातल्या चार मुलांच्या आंघोळीचं वेळापत्रक लावणार होते. सगळे फाईल घ्यायचे आणि मला बंद करायचे.

आणि मित्रांनो, इथेच माझ्या जिवाला घोर लागायचा. पुढे काय झालं? सिस्टरांच्या पाळ्या जुळल्या का? चौथ्या मुलाला गरम पाणी मिळालं का? प्रत्येक गोष्टीची पहिली ओळ मला ऐकू यायची, आणि पुस्तक मिटलं जायचं. कुणीही परत येऊन सांगायचं नाही. ज्याचं काम झालं, तो कशाला येतोय?

माझ्याजवळ एक नोंदवही असते. कुठल्या प्रकारच्या कॉम्प्युटरवरून मागणी आली आणि कुठली फाईल गेली, एवढंच तिच्यात उमटतं. त्या वहीत एक कोडं होतं. कितीतरी माणसं नव्याकोऱ्या, चकचकीत कॉम्प्युटरसमोर बसायची आणि फाईल मात्र सगळ्यात खालच्या, सगळ्यात जुन्या ओळीतली न्यायची. असं का बरं करत असतील? मी वर्षानुवर्षं विचार केला. उत्तर सापडलं नाही.

दरम्यान प्रोग्राम वाढला. ठिकठिकाणची माणसं त्याला हातभार लावू लागली. ती एकमेकांना कधी भेटली नव्हती, तरी भावासकट स्वतःला "मंडळी" म्हणायची. मी मात्र होतो तसाच राहिलो. सुरुवातीला लोक म्हणायचे, "किती सोपं पान आहे!" मग म्हणायला लागले, "हे पान आहे की पाढ्यांचा तक्ता?" एकाने तर लिहिलं, "हे तुमच्या आजोबांनी केलंय का?"

भावाने उत्तर दिलं, "नाही, मीच. पण माझे केस पाहिलेत तर तुमचा अंदाज फार चुकलेला नाही."

मंडळींनी ठरवलं, पानाचं रूप बदलायचं. काम घेतलं एका मुलीने. तिला सगळे रंगारीण म्हणायचे. आठवडाभर पोटापाण्यासाठी ती वेबसाइटी सजवायची आणि सुट्टीचा दिवस आम्हाला द्यायची. ती कामात नेटकी होती. तिने आधी सगळ्यांना विचारलं, "पान बदलतेय. काय हवं, काय नको, मोकळेपणाने लिहा."

लोकांनी मोकळेपणाने लिहिलं. दोनशे बारा मतं आली. त्यातली एकशे चाळीस नव्या पानावरच्या बटणाच्या रंगावर होती! एकाला निळा थंड वाटत होता, दुसऱ्याला लाल रागीट. दोघेजण तर पोपटी की शेवाळी यावरून चार दिवस बोलेनासे झाले. रंगारिणीने एकूण एक मत वाचलं. उरलेल्यांतल्या बहुतेकांचं म्हणणं एक होतं: कोष्टक नको. एकच मोठं बटण हवं. समोरचा कॉम्प्युटर कोणता आहे, ते पानानेच ओळखावं आणि योग्य ती फाईल द्यावी.

तिने तसंच केलं. सगळ्या ओळी पुसल्या. मध्यभागी एक हिरवं बटण आलं आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ: दोनशे बारा जणांच्या मतांनुसार घडवलेलं पान. काय सांगू, माझं मलाच कौतुक वाटलं. कुणी समोर बसलं की मी क्षणात कॉम्प्युटर ओळखायचो आणि फाईल हातात द्यायचो. मंडळी खूश, भाऊ खूश. येणाऱ्यांचा आकडाही वाढला.

एका मंगळवारी मी एका दुकानात उघडलो. कागद छापून देणारं, कॉम्प्युटर वापरायला देणारं लहानसं दुकान होतं. दुकान चालवणाऱ्या काकू कागदांचे गठ्ठे लावत होत्या. माझ्यासमोर एक सर बसले होते, नखांत निळा रंग अडकलेले. त्यांनी बटण दाबलं, फाईल पेन ड्राइव्हवर घेतली आणि म्हणाले, "काकू, आता चित्रकलेला चांगले दिवस येणार!" आणि मला बंद केलं.

बुधवारी ते परत आले. पुन्हा तेच बटण, पुन्हा तीच फाईल. मी चकित! माझ्याकडे कधी कुणी परत आलं नव्हतं. गुरुवारी ते तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"सर, रोज सायकल दामटत येताय. एवढं काय अडलंय?" काकूंनी विचारलं.

"अहो, सोमवारी शाळा उघडतेय. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, शनिवारपर्यंत नवं वेळापत्रक लावून दाखवा. प्रत्येक वर्गाला चित्रकला बसली पाहिजे आणि कुणाचा तास मोडता कामा नये. नाहीतर गेल्या वर्षीचंच भिंतीवर लावते."

"आणि गेल्या वर्षीच्यात काय होतं?"

"पाचवीला शेवटचा तास. तोही गणिताचं उरलंसुरलं संपवायला जायचा. सहावी-सातवीला चित्रकला नाहीच. माझ्या रंगपेट्यांवर कोळ्यांनी जाळी विणली. आता हा प्रोग्राम चालला नाही, तर आणखी एक वर्ष कोळ्यांचं."

"मग तक्रार लिहा की! खाली मत लिहायची जागा दिसतेय."

"माझ्या एकट्याचं काय घेऊन बसलात? हे बघा, दोनशे बारा लोकांनी सांगून केलंय म्हणे."

"त्यात तुम्ही होतात?"

"नव्हतो."

"मग दोनशे तेरावे व्हा. आणि दुकानाचा फोन नंबर टाका खाली. बसा."

सर बसले. दोन बोटांनी टाइप केलं: "बटण छान आहे. फाईल शाळेत चालत नाही. शाळा सोमवारी आहे. चित्रकलेचे सर."

मंडळींनी लगोलग उत्तरं दिली. "आमच्याकडे चालतंय." "कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा." रंगारिणीने मात्र ते तीन वाक्यांचं मत दोनदा वाचलं. कुणी रंगाबद्दल भांडत नव्हतं, कुणी उपदेश करत नव्हतं. एक माणूस फक्त अडला होता. शुक्रवारी सकाळी तिने मताखाली दिलेल्या नंबरवर फोन लावला. सर चौथ्यांदा आलेच होते. काकूंनी फोन माझ्याशेजारी टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"सर, ते पान मी केलंय. समोर उघडलंय का?"

"उघडलंय की. हिरवंगार दिसतंय. पिवळा अंमळ जास्त पडलाय, पण ते राहू द्या."

रंगारीण हसली. "बरं, आता नेहमीसारखं करा आणि करताना मला सांगत राहा."

"दाबलं. फाईल आली. पेन ड्राइव्ह लावला, त्यात टाकली. काढला, खिशात घातला. आता उठलो."

"अहो, उठलात कुठे?"

"शाळेत नको का जायला?"

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सर, म्हणजे तुम्ही बसलाय तो शाळेचा कॉम्प्युटर नाही?"

"हा काकूंचा! नवाकोरा. शाळेचा कपाटाशेजारी आहे. त्याला इंटरनेट नाही, आणि वयाने तो माझ्या सातवीतल्या पोरांपेक्षा थोरला आहे."

मित्रांनो, माझं कोडं सुटलं! चकचकीत कॉम्प्युटरसमोर बसून जुन्या ओळीतली फाईल नेणारी ती सगळी माणसं दुसरीकडे निघालेली होती. शाळांत, दवाखान्यांत, जिथे इंटरनेट पोहोचलं नव्हतं तिथे. माझं कोष्टक त्यांना उपयोगी पडत होतं. नव्या रूपात मी समोरचं यंत्र तेवढं ओळखत होतो. समोरच्या माणसाला कुठे जायचंय, ते विचारत नव्हतो. चारही वेळा मीच त्या सरांना चुकीची फाईल दिली होती, आणि वर स्वतःवर खूश होतो.

रंगारिणीने भावाला गाठलं. दोघांनी माझी जुनी नोंदवही उघडली. दहांतले तीन लोक दुसऱ्याच कॉम्प्युटरची फाईल नेत होते.

"दादा, हे सगळं इथेच लिहिलेलं होतं!"

"होतं. कुणी वाचलं नाही. मीही नाही," भाऊ म्हणाला.

रंगारिणीने आधी सरांना जुन्या कॉम्प्युटरची फाईल मिळवून दिली. सर सायकलवर बसताना काकू ओरडल्या, "सर, टोपी!" पण ते गेलेसुद्धा. मग ती माझ्याकडे वळली. शनिवार दुपारपर्यंत बटणाच्या जागी एक प्रश्न आला: "हा प्रोग्राम कुठे चालवणार? याच कॉम्प्युटरवर, की दुसऱ्या?" दुसऱ्या म्हटलं की माझ्या पुसलेल्या ओळी पुन्हा उलगडायच्या.

मंडळींतले एकजण कुरकुरले, "एक टिचकी वाढवलीत की हो!"

"वाढू द्या," रंगारीण म्हणाली. "एका माणसाच्या चार फेऱ्या वाचतील."

शनिवार सरला. रविवार सरला. सोमवारी कुठेतरी शाळेची घंटा झाली असेल. मला काहीच कळेना. मी प्रत्येक पडद्यावर उघडायचो आणि नखांत निळा रंग शोधायचो.

दुसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, तो दिसला. सरांच्या हातात पेन ड्राइव्ह नव्हता. त्यांनी फाईल घेतली नाही. सरळ खाली मत लिहायच्या जागी गेले आणि दोन बोटांनी सावकाश लिहिलं:

"वेळापत्रक लागलं. बाईंनी प्रत्येकाचा तास मोजून पाहिला, एकही मोडला नव्हता. आज सातवीचा चित्रकलेचा पहिला तास होता. मी वर्गात गेलो तर सगळे गणिताच्या वह्या उघडून बसलेले. म्हटलं, मिटा त्या. कुणी मिटेना. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. शेवटी मी पाण्याचा डबा आणला, कुंचला बुडवला, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, सर, म्हणजे खरंच? घंटा झाली तरी कुणी उठत नव्हतं. एवढंच कळवायचं होतं."

माझ्या उभ्या आयुष्यात एका फाईलची गोष्ट मला शेवटपर्यंत ऐकायला मिळाली, ती ही.

मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. तुम्हीही उद्या काहीतरी कराल, वर्गासाठी भित्तिपत्रक, नाहीतर घरच्यांसाठी एखादी सोय. तेव्हा मोठ्याने बोलणाऱ्यांचं ऐकाच. पण जो न बोलता परत परत येतोय, त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याला ते वापरताना पाहा. आणि कुणी केलेली वस्तू तुम्ही नेलीत, तर कधीतरी मागे वळून दोन ओळी सांगा.

थांबा, आत्ता कुणीतरी मला उघडलंय. एक आजी आहेत, शेजारी नात. बोट प्रश्नावर थांबलंय.

"आजी, याच कॉम्प्युटरवर की दुसऱ्या?"

"दुसऱ्या गं," आजी म्हणतात. "आणि कुठल्या ते सांगते, थांब. लांबलचक गोष्ट आहे."

सांगा आजी, सांगा. मी उघडाच आहे.