रस सुटला त्या दिवशीची सभा

“बाई, थोडक्यात घ्या. झाडांना रस सुटलाय,” मागच्या बाकावरून रसेल गोकी म्हणाला आणि सगळे सभागृह हसले.

अल्मा फॅरिंग्टनबाई हसल्या नाहीत. खिडकीबाहेर प्रत्येक मेपलला बादली टांगलेली होती आणि तीत टपटप चालू होती. ईस्ट हॅलमची गावसभा दर मार्चच्या पहिल्या मंगळवारी भरे. यंदा नेमके त्याच दिवशी ऊन पडले. रस वेळेत उकळून पाक केला नाही तर नासतो. गावसभेचे तसे नसते. तिला नासायला वेळ लागतो.

ठराव रसेलचाच होता: ही सभाच बंद करावी. कर, रस्ते, शाळा, सगळे निवडून दिलेल्या तीन सभासदांनी आणि एका पगारी व्यवस्थापकाने बघावे. लोकांनी वर्षातून एकदा मताची चिठ्ठी टाकावी आणि कामाला लागावे.

बाईंनी या गावाच्या दोन पिढ्यांना इतिहास शिकवला होता. गावाने तो परीक्षेपर्यंत नीट सांभाळला. गेल्या साली याच सभेने हात वर करून तो विषयच काढून टाकला, कारण शाळेच्या बसला नवे इंजिन हवे होते. इंजिन उत्तम चालते.

“तुमच्या पणजोबांच्या वेळी कागद गिरणीच्या मालकाला नदी हवी होती,” बाई म्हणाल्या. “तेव्हाच्या तीन सभासदांनी ती देऊनही टाकली होती. याच खोलीत गाव जमलं आणि नदी परत घेतली. रसेल, तू जिथे मासे धरतोस ती.”

“हे मला परीक्षेत आलं होतं, बाई.”

“मग काय लिहिलंस?”

“आठवत नाही. पण तुम्ही पास केलंत.”

पुन्हा हशा. बाईंनी समोरच्या बाकाची पाठ घट्ट धरली. तळघरातून गावजेवणासाठी शिजलेल्या बीन्सचा वास वर येत होता आणि लोक कोटांच्या बाह्यांत हात घालू लागले होते.

“बाकीच्या चुका पुढच्या मार्चमध्ये दुरुस्त होतात,” त्या म्हणाल्या. आवाज चिरकला तो त्यांना स्वतःलाच आवडला नाही. “ही होणार नाही. बंद केलेली सभा उघडायला सभाच लागते. ती कुठून आणाल?”

“मतदान घ्या,” कुणीतरी म्हणाले.

मतदानाची पिवळी कार्डे वर झाली. सभागृह मोहरीच्या शेतासारखे दिसू लागले. विरोधात बाईंचे कार्ड होते आणि दोन म्हाताऱ्यांची. त्यांतल्या एकाने प्रश्न नीट ऐकला नव्हता. मग सगळ्यांच्या बुटांचा धडधडाट जिन्याने खाली जेवायला गेला.

व्यासपीठावर सभापती ड्वाइट पेल्की हातोडा घेऊन उभाच राहिला. तोही बाईंचा विद्यार्थी. शेजारी गावाची कारकून हेझल टिपण लिहीत बसली होती.

“बाई,” ड्वाइट म्हणाला, “सभा अजून चालू आहे. संपवायचा ठराव कुणी मांडलाच नाही.”

“तुला आठवतं ते?”

“तुम्हीच शिकवलंत.”

हेझलने पेन खाली ठेवले. “मग अल्मा, फेरविचाराचा ठराव मांड की. मी अनुमोदन देते. दोन मतं बाजूने, विरोधात कुणी नाही. जेवून वर येईपर्यंत यांची सभा यांना परत.”

बाईंनी ड्वाइटकडे पाहिले. त्याने छताकडे पाहिले. “नियमात बसतं,” तो म्हणाला.

बाईंचा हात कार्डाकडे गेला. कार्ड उचलायची त्यांना हाव सुटली होती. पण त्यांनी जन्मभर शिकवलेला इतिहास बराचसा अशाच खोल्यांचा होता: दोन-चार माणसे, नियमात बसणारी गोष्ट आणि जेवायला गेलेले गाव.

“नको,” त्या म्हणाल्या. “त्यांनी आपल्याला समोरासमोर हरवलंय, हेझल. चोरून नाही.”

“मग काय करायचं?”

“थांबू या जरा. कुणीतरी विचारायला येईल.”

तिघे थांबले. खाली ताटल्या वाजत होत्या. मग जिन्यावर पावले वाजली आणि बाई ताठ बसल्या. रसेल दारात आला.

“अजून चालूच आहे तुमचं?”

“चालू आहे. बस, रसेल.”

“हातमोजे राहिले होते.” त्याने बाकाखालून ते काढले. दारापाशी घुटमळला. “बीन्स संपत आल्यात, बाई. तुमची ताटली झाकून ठेवलीय मी.”

पावले खाली गेली.

बाई उभ्या राहिल्या. कोटाची बटणे लावली. “सभापती महाशय,” आपल्या जुन्या विद्यार्थ्याला त्या म्हणाल्या, “सभा विसर्जित करावी असा मी ठराव मांडते.”

हेझलने अनुमोदन दिले. ते नीट ऐकू आले नाही.

“ठरावाच्या बाजूने?” ड्वाइटने विचारले.

बाईंनी कार्ड वर केले. वर्गात मुलांना सांगत तसा, कोपर न वाकवता, हात सरळ. मोजून होईपर्यंत खाली घ्यायचा नसतो.

ड्वाइटने मोजायला बराच वेळ लावला.