न बुडवलेला तुकडा

आफकेने नळीचं टोक तोंडात धरून श्वास ओढला, खाऱ्या पाण्याचा घोट आला तशी बादलीत थुंकली आणि पुन्हा टाकीवर वाकली. प्रवाळावर तीळ पसरावेत तसे लालसर चपटे किडे चिकटले होते. औषध घालण्याआधी निघतील तेवढे ओढून काढायचे, कारण मेले मरताना विष सोडतात. तसं झालं तर तिची अकरा वर्षांची माशांची जोडी गेलीच म्हणायची.

किडे कुठून आले हे तिला पक्कं ठाऊक होतं. ख्रोनिंगन शहरातल्या तिच्या मत्स्यपालक मंडळाचा दंडकच होता, की प्रवाळाचा नवा तुकडा औषधात बुडवूनच टाकीत सोडायचा. पण मागच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमन सीब्रन ऑगस्टमध्ये प्रवाळाचा तुकडा घेऊन आले, ते समोरच उभे राहिले. त्यांच्या देखत बुडवायचा म्हणजे तुमच्या घरात घाण आहे असं सांगण्यासारखंच. तिने तो तसाच सोडला. भीड भिकेची बहीण, दुसरं काय.

आता सांगायचं कसं? एप्रिलपासून दर गुरुवारी दहाला तिच्याकडे कॉफीला येणारं सीब्रन हे एकच माणूस. दुखावले आणि यायचे थांबले तर? आज ते यायच्या आत सगळं आवरायचं असं तिने ठरवलं होतं.

सीब्रन पावणेदहालाच मागच्या दाराने आत आले. बादलीत डोकावले.

"हे माझ्याकडचे नाहीत," ते म्हणाले.

"मी कुठं काय म्हटलं?"

"उलट तुमच्याकडूनच माझ्याकडे आले होते. मार्चमध्ये तुम्ही तुकडा दिलात ना, त्यातून. मेपर्यंत निस्तरत होतो. मीही बुडवला नव्हता. तुम्ही समोर उभ्या होतात."

आफके नळी सोडून खुर्चीत बसली.

"मग सांगायचं नाही का हो?"

"तोंड होईना. म्हटलं, दर गुरुवारी येऊन बघावं, तुम्हाला कधी दिसतायत ते."

तिला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. मग ती औषधाची बाटली हातात फिरवत राहिली.

"याने सगळे मरतात?"

सीब्रननी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, बाह्या सरसावल्या आणि नळी उचलली.

"एखादा तरी सुटतोच," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं येऊन बघावं लागतं."