भिंत नसलेले दार

१९९७ च्या ऑक्टोबरात सोसायटीच्या ठरावाने देवयानीचा नाच बंद झाला. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेच नाही असे समजा.

मी एक जुने सागवानी दार आहे. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वीस वर्षे उघडलो, मिटलो. नवी दारे बसली तेव्हा ठेकेदाराने मला अंगणात टाकून दिले. तिथे राहणाऱ्या अलकनंदाबाई कथक शिकवत. सिमेंटच्या जमिनीने मुलींच्या टाचा दुखत, म्हणून त्यांनी माझ्या बिजागऱ्या काढून मला आडवे केले. आडवे पडून बढती मिळालेला सरकारी खात्यात मी बहुधा एकटाच.

पुढे त्यांनी नोएडात फ्लॅट घेतला आणि मलाही सोबत नेले. मंदिरातून दरबारात आणि दरबारातून रंगमंचावर आलेले हे नृत्य आता जिन्याने चौथ्या मजल्यावर चढले. घरोघरी केबल वाजत होती; तरी मुली येत, घुंगरू बांधत आणि माझ्यावर उभ्या राहत. केवढा मान!

खाली भाऊसाहेब राहत. त्यांचा पंखा हलू लागला, त्यांनी अर्ज दिला आणि सोसायटीने लिहून टाकले : नाच बंद. बाईंच्या मुलीचा, देवयानीचा, पहिला एकटीचा कार्यक्रम महिन्यावर आला होता. ती सोफ्यावर बसून पायाची बोटे नाचवत राहिली. बोटांविरुद्ध ठराव नव्हता.

अलकनंदाबाई बसने ब्लँकेटांच्या गावाला, पानिपतला गेल्या आणि सहा जाड ब्लँकेट घेऊन आल्या. ती माझ्याखाली अंथरली. देवयानी नाचू लागली. खाली काहीच ऐकू जाईना.

चौथ्या दिवशी भाऊसाहेब दारात. म्हणजे दुसऱ्या दारात. मी जमिनीवर होतो.

"नाच खरंच बंद केलात की काय?" त्यांनी विचारले.

बाईंनी ब्लँकेट दाखवली. भाऊसाहेब ओशाळले. संध्याकाळी चहा घेताना ते नकळत सोळा मात्रा मोजत, आणि सोळा संपून देवयानीचा पाय समेवर पडला की घोट घेत. चार दिवस चहा थंड होत होता.

"दोन ब्लँकेट काढा. पंखा मी बंद ठेवतो."

"काका, मी दुप्पट लयीत गेले तर चहा सांडेल हं."

"सांडू दे गं."

कार्यक्रमाला मला नेले नाही. देवयानीनेच येऊन सांगितले : शेवटच्या समेवर तिचा पाय पडला, आणि तिसऱ्या रांगेत भाऊसाहेबांनी रिकाम्या हाताने घोट घेतला.

तक्रार मागे घेण्याचा फॉर्म मात्र सोसायटीकडे नव्हता. त्यामुळे कागदावर नाच आजही बंद आहे. आता देवयानी माझ्यावर शिकवते. माझा एक कोपरा उचकटला आहे. मुली तो न सांगता टाळतात. जुन्या वस्तूची एवढी काळजी घेतली तरी पुरते, मित्रांनो.

सबब, संबंधित खात्यास विनंती की, यापुढे प्रत्येक नव्या फ्लॅटच्या नकाशात, भिंत नसलेले एक दार मंजूर करण्यात यावे. सोबत : सहा ब्लँकेट, पैकी दोन काढलेली.