चोराच्या वाटणीची पर्स

मला एक सांगा, घराबाहेर पडताना तुम्ही चोरासाठी काही बरोबर घेता का? छत्री घेता, डबा घेता, चष्मा विसरलात तर अर्ध्या जिन्यातून परत फिरता. पण वाटेत चोर भेटलाच तर त्याच्या हातावर काय ठेवायचं, याची तयारी करून कधी उंबरा ओलांडलाय?

नसेल, तर तुम्ही आपल्या माणसांत राहता. सुखी आहात. परक्या मुलखात कामाला गेलेल्या बायका ही तयारी करतात. मला ठाऊक आहे, कारण ती तयारी म्हणजेच मी. मी पर्स बोलतेय. तपकिरी, खांद्याला लटकणारी, चामड्यासारखी दिसणारी पण चामड्याची नसलेली.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका बाईनं माझे बंद शिवले, दुसरीनं चेन लावली, तिसरीनं मला उलटं करून झटकलं. तिघींपैकी एकीनंही माझ्याकडे मायेनं पाहिलं नाही. त्यांना पुढची पर्स उचलायची घाई होती. मग मी बाजारात एका चादरीवर ढिगात पडले. तिथून मावशींनी मला उचललं. भाव पाडताना त्या माझ्याबद्दल काय काय बोलल्या ते सांगत नाही, अजून लागतं मनाला.

खोलीवर आल्यावर त्यांनी मला टेबलावर आपटलं आणि म्हणाल्या, "घ्या गं बायांनो, चोराचा नैवेद्य आला."

मावशी त्या खोलीतल्या सगळ्यांत जुन्या. त्यांचा सख्खा भाचा त्याच शहरात होता, तो त्यांना मावशी म्हणायचा, म्हणून सगळ्याच म्हणायला लागल्या. खोली तिसऱ्या मजल्यावर. भिंतीला लागून खाटा, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, आणि दोरीवर कायम कुणाचं तरी ओलं झंपर. नवी मुलगी आली की मावशी तिला विमानतळावरून आणायच्या, काम बघून द्यायच्या, आजारी पडली तर रात्र रात्र उशाशी बसायच्या. वाईट बाई नव्हत्या त्या. हे मी आधीच सांगून ठेवते.

नव्या मुलीला मी मिळायचे. शेवटी आली ती धाकटी. नाव काहीही असो, खोलीत सगळ्यांत उशिरा आलेलीला धाकटीच म्हणायचे. वयानं ती काही लहान नव्हती. घरी सासूजवळ शाळेत जाणारी लेक ठेवून आली होती. एका वृद्धाश्रमाच्या धुलाईखोलीत तिला काम मिळालं. दिवसभर चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या.

पहिल्याच रविवारी मावशींनी तिची शिकवणी घेतली.

"हे बघ, रस्त्यात फोन हातात धरायचा नाही. पत्ता शोधायचा असेल तर दुकानात शिरायचं. वाट चुकली तरी चेहरा असा ठेवायचा, की सगळं शहर तुझ्या सासऱ्यानं बांधलंय."

"सासऱ्यांनी साधा गोठा बांधला नाही हो कधी," धाकटी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

"हस. पण खरा पैसा, पासपोर्ट, सगळं चोरकप्प्यात." चोरकप्पा म्हणजे परकराच्या आत कमरेला बांधायची कापडी पिशवी. शेजारच्या खाटेवरच्या शिलाईवालीनं ती तिच्यासाठी शिवून ठेवली होती. "आणि ही पर्स खांद्यावर. कुणी अडवलं की ही त्याच्याकडे फेकायची आणि दुसऱ्या दिशेला पळायचं. भांडायचं नाही. पर्स द्यायची, जीव द्यायचा नाही."

भाचा जेवायला आला होता. दर रविवारी यायचा. घास तोंडात घोळवत म्हणाला, "मावशी, उद्या चोरांनीच तुझी शिकवणी लावली तर?"

"तू जेव गप."

माझ्यात मग मुदत संपलेलं बसकार्ड, तुटका कंगवा, सुटी नाणी आणि जड वाटावं म्हणून एक जुनी साबणाची डबी भरली. धाकटीनं आपल्या मनानं लेकीचं एक केसांचं रबर टाकलं. "हे गेलं तरी चालेल," असं म्हणाली. पण बसमध्ये बसली की आत हात घालून ते बोटाला गुंडाळत राहायची.

मावशींचे आणखी दोन नियम होते. इथल्या माणसाशी डोळे मिळवायचे नाहीत, हा एक. आणि भीती वाटलीच तर आपली भाषा जिकडून ऐकू येईल तिकडे जायचं, तिथे आपलं माणूस असतं, हा दुसरा.

पहिला नियम सगळ्यांत जास्त वापरला गेला तो चावीवाल्यावर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची पत्र्याची टपरी होती. आडदांड माणूस, गालावर कापल्याची खूण, हातांना कायम वंगण. "ज्याला सगळ्यांची कुलपं उघडता येतात, त्याच्यापासून चार हात लांब राहावं," असं मावशी म्हणायच्या. आमच्या दाराचं कुलूप बिघडलं तेव्हा मात्र त्यालाच वर बोलावलं होतं, आणि तो काम करत होता तोवर सगळ्याजणी आपापल्या खाटेवर उशा धरून बसल्या होत्या.

टपरी जवळ आली की धाकटी मला उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घ्यायची. रोज. सकाळी आणि संध्याकाळी. ज्या पर्सचा जन्मच लुटला जाण्यासाठी, तिला त्या माणसापासून वाचवायची, मला हसू यायचं. त्यालाही ते कळलं होतं. सुरुवातीला तो मान हलवून काहीतरी बोलायचा. पुढे पुढे ती येताना दिसली की तो टपरीकडे तोंड करून उभा राहायचा, खोटंच काहीतरी शोधत. ती भिऊ नये म्हणून. ती पुढे गेली की मगच वळायचा. मी मागे लटकत असायचे, मला दिसायचं. तिला कधीच दिसलं नाही.

असे दिवस गेले. मग तो पगाराचा दिवस आला.

धाकटी बसमधून उतरली तेव्हा संध्याकाळचे दिवे नुकतेच लागत होते. बसथांब्यापासून गल्लीपर्यंत एका बंद गोदामाची लांब भिंत आहे. ती शिकवल्याप्रमाणे झपझप चालत होती. किल्ली हातात, फोन आत, चेहरा सासऱ्यानं शहर बांधल्यासारखा.

मागून हाक आली, "ताई, जरा थांबता का?"

आपल्या भाषेत!

ती थांबली. नुसती थांबली नाही, हसून वळली. कित्येक महिन्यांत रस्त्यावर कुणी तिला ताई म्हटलं नव्हतं. तोंडाला मफलर गुंडाळलेला एक माणूस अगदी जवळ आला होता. त्याच्या हातात काहीतरी चकाकलं. धाकटीचा चेहरा उतरला, पण शिकवणी कामाला आली. तिनं मला खांद्यावरून काढून त्याच्यापुढे धरलं.

त्यानं मला घेतलं आणि बाजूला भिरकावून दिलं.

"ही नको, ताई. आतली काढा."

मी भिंतीच्या कडेला पडले होते. तिचे हात परकराच्या आतली नाडी शोधत होते ते मला दिसत होतं. चोरकप्पा सुटला. त्यानं तो उघडला, आतून पासपोर्ट काढला आणि तिच्या हातात परत ठेवला. "हा राहू द्या. याच्याशिवाय हाल होतील तुमचे." एवढं म्हणून तो पळाला.

धाकटी उलट्या दिशेला पळाली. मला न घेता. नियमच तसा होता.

कुणीही सांगेल, परक्या चोराला चोरकप्पा ठाऊक नसतो, आणि पासपोर्टाची दयामाया तर मुळीच नसते.

थोड्या वेळानं वंगणाचा वास आला आणि दोन मोठ्या हातांनी मला उचललं. चावीवाला टपरी बंद करून घरी निघाला होता. त्यानं मला ओळखलं. ओळखणारच, रोज त्याच्यासमोर या खांद्यावरून त्या खांद्यावर जात होते मी. त्यानं माझ्यावरची धूळ बाहीनं पुसली. कारखान्यातून निघाल्यापासून मला असं कुणी पुसलं नव्हतं.

तो जिना चढून वर आला आणि दार ठोठावलं.

आत धाकटी रडत होती, सगळ्या तिच्याभोवती जमल्या होत्या. शिलाईवालीनं दार उघडलं, त्याच्या हातात मला पाहिलं आणि जी किंकाळी फोडली, ती मला अजून ऐकू येते. "हाच! हाच तो! पर्स घेऊन वर आलाय मेला!" शेजारपाजारचे धावले. कुणी त्याची कॉलर धरली, कुणी पोलिसांना फोन केला. तो मला पुढे करत एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. खोलीत त्याची भाषा चांगली येणाऱ्या एकट्या मावशी. त्यांनी ते कुणालाच समजावून सांगितलं नाही.

धाकटी मावशींच्या कानाशी लागून म्हणाली, "हा नव्हता हो. तो ताई म्हणाला मला. आतली काढा म्हणाला."

मावशींचा चेहरा मी पाहिला. आधी त्यांना कळलं नाही. मग कळलं.

पोलीसचौकीत एका अधिकारी बाईंनी विचारायला सुरुवात केली. धाकटीला तिथली भाषा कामापुरती येत होती. साबण, चादर, गरम, लवकर. आणि सगळ्यांत आधी शिकवलेला एक शब्द, 'नाही'. दुभाष्या मावशीच.

"त्यांना सांगा ना, मावशी, तो आपल्यातला होता."

मावशी बाईंकडे वळून बराच वेळ बोलल्या. बाईंनी लिहून घेतलं. पलीकडे बाकावर चावीवाला बसला होता. तो धाकटीकडे बघत होता. या वेळी त्यानं तोंड फिरवलं नाही. तिनं फिरवलं.

बाईंनी मला उघडून पाहिलं, कंगवा आणि डबी वरखाली केली आणि धाकटीला परत देऊन टाकलं. चावीवाल्याला आत नेलं.

परत येताना रस्त्यात मावशींनी तिचा दंड घट्ट धरला होता. खोलीवर आल्यावर त्या पुन्हा बाहेर गेल्या, आणि आल्या तेव्हा त्यांनी चोरकप्पा तिच्या ओटीत टाकला. नाडीसकट, होता तसा.

"सगळं आहे आत. झालं समाधान?"

"मावशी, आणि तो?"

"कोण तो?"

"चावीवाला."

मावशी खाली बसल्या. एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. "भाच्याचं काम सुटलंय गं. लाजेनं मलासुद्धा बोलला नव्हता. तुला लागलं का कुठे? खरचटलं का? माझ्या मेलेल्या बहिणीचा एकुलता एक आहे तो. इथून हाकलला तर कायमचा गेला. चावीवाला इथलाच आहे, त्याला काय धाड भरलीय? चार दिवसांत सुटेल."

"आणि नाही सुटला तर?"

"तर त्याचं नशीब. उद्या तू सांगितलंस ना, की चोर आपल्यातला होता, तर आपल्याला बघून इथले लोक पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतील. चालेल तुला?"



मावशींनी उठता उठता सांगितलं, अगदी हळू, "ही खाट तुला कुणी मिळवून दिली ते विसरू नकोस."

सगळ्या झोपल्यावर धाकटीनं मला पोटाशी घेतलं, आत हात घातला, लेकीचं रबर बोटाला गुंडाळलं. "सकाळी जाते," ती पुटपुटली. "मावशी नकोत. 'नाही' म्हणता येतं मला त्यांच्या भाषेत. बोट दाखवीन आणि नाही म्हणेन, तेवढं पुरे आहे." तिनं तो शब्द दोनदा म्हणूनही पाहिला. उच्चार चांगला होता.

मी तर खोटी पर्स. माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, मीही कुणावर ठेवायला शिकले नव्हते. पण त्या वेळी तिच्यावर ठेवला. तुम्हीही असाल कुठे परक्या गावात, तर माझं एवढं ऐका. मला जरूर न्या बरोबर, चोरकप्पाही बांधा, फोन आत ठेवा. सगळं बरोबर आहे. फक्त भ्यायचं कुणाला, हे दुसऱ्याकडून शिकू नका. मला ज्यानं पुसलं, त्याच्यापासूनच मला रोज लांब धरलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी आलं की डावीकडे चौकी आहे आणि उजवीकडे बसथांबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी नेहमीच्या वेळेला निघाली, कुलूप लावलेल्या टपरीपाशी आल्यावर तिनं मला उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतलं, आणि ती उजवीकडे वळली.