नळाच्या पाण्याचा आजार

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर लाल झाकणाच्या बाटल्या, त्यांत आजाऱ्यांची लघवी. बाबांनी चिमूटभर भस्म टाकलं की फस्सकन फेस वर यायचा. बाबा सांगत, हे किडनीतलं विष बोलतंय. मग सात दिवस मंतरलेलं पाणी प्यायचं आणि पुन्हा तपासायचं. या वेळी बाटली हिरव्या झाकणाची. फेस नाही, म्हणजे बरा.

माझी बायको अशीच 'बरी' झाली होती. दोन डायलिसिस तिने चुकवले. सुजलेल्या पायांत चपला शिरेनात, चार पायऱ्यांत धाप लागे, तरी हेका सोडेना. शेवटी मी तिच्या धाकट्या भावाला बोलावलं. तो किडनीचा डॉक्टर, सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा कित्येक वर्षं प्रमुख होता. बायकोच्या लेखी मात्र अजून बाळ्याच.

तो म्हणाला, "भाऊजी, तिला मी समजावणार नाही. तिला घेऊन नुसते सोबत चला."

रांगेतून पुढे जाऊन त्याने बाबांच्या सेवकांनी दिलेली लाल बाटली भरून ठेवली. फेस उसळला. बाबांनी डोळे मिटले. "पाऊण किडनी नासलीय. कुणाची?"

"नळाची. रंगासाठी पाण्यात चहाचा थेंब टाकलाय."

नळालाही बाधा होते, असं बाबा म्हणाले. त्यावर मेहुण्याने त्याच नळाचं, घरून आणलेलं पाणी टेबलावरच्या हिरव्या बाटलीत ओतून बाबांचंच भस्म टाकलं. ढिम्म. नळ सात दिवसांच्या आतच बरा झाला, असं मागून कुणीतरी पुटपुटलं आणि हशा पिकला.

सेवकांनी त्याचा दंड धरला. तो जागचा हलला नाही. "संस्थेत मी प्रत्येकाला विचारायचो, ज्याला आजारच नाही त्याच्यावर करून पाहिलंत का? या प्रश्नाने माझं स्वतःचं, आठ वर्षं खपून केलेलं औषध बाद झालं; निरोग्यांचे आकडेही त्याने तसेच 'सुधारले' होते. बाद मीच केलं. मग यांना का सोडू?"

टेबलावरची एक कोरी लाल बाटली उचलून त्याने बहिणीपुढे धरली. "ताई, आत ओलं बोट फिरव आणि चाख."

तिने चाखलं. मग बाटली बाबांपुढे ठेवली.

"आंबट आहे," ती म्हणाली.

लाल बाटल्यांत लिंबूसत्त्वाचं पाणी वाळवलेलं, भस्म म्हणजे खायचा सोडा. आंबटाला सोडा भेटला की फेस येतोच. हिरव्या बाटल्या नुसत्या धुतलेल्या. चमत्कार एवढाच.

बाबा श्रद्धेवर बोलू लागले. ही माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली. "देवाचं आणि माझं मी बघून घेईन. बाळ्या, गाडी काढ. आज मशीन मोकळं मिळेल ना?"

देवाचं नाव गाण्यात माझा जन्म गेला, पुढेही गाईन. पण त्याच्या नावाने कुणी बाटली पुढे केली, तर आधी तीत नळाचं पाणी भरून बघा.